विजेची एसटी : कोणाचे वाहन, कोणाची जागा?

१

विजेवर चालणाऱ्या एसटीविषयी २०२२ पासून मराठीत बरेच लिहिले गेले आहे. मी ते जमेल तसे वाचत आलो आहे. हौस म्हणून नव्हे. माझे वडील तेहेतीस वर्षे एका तालुक्याच्या आगारात होते. सहायक म्हणून लागले, यांत्रिक म्हणून निवृत्त झाले. १९७६ साली ते राखीव जागेवर लागले, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही. आमच्या घराची पहिली विटांची भिंत त्या नोकरीतून उभी राहिली. माझ्या शाळेची फी त्याच नोकरीतून गेली, आणि मी आज चार ओळी लिहू शकतो तेही त्याच नोकरीमुळे. त्यामुळे या विषयात तटस्थ समीक्षकाची भूमिका मला घेता येणार नाही. घ्यावी असेही वाटत नाही.

या लेखनाचे दोन प्रकार दिसतात. एक सरकारी आणि वृत्तपत्री, दुसरे पांढरपेशा ललित. तिसरे लेखन असायला हवे होते, ते आपले. ते मला जवळजवळ कोठेच आढळले नाही. या तिन्हींचा विचार मला येथे करावयाचा आहे.

२

प्रथम सरकारी भाषा. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर पहिली एसटी धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर 'शिवाई' नावाची पहिली विजेची एसटी सोडण्यात आली. मुहूर्त चांगला साधला होता. त्या दिवशीची आणि नंतरची वृत्ते वाचावीत. पर्यावरणपूरक, प्रदूषणमुक्त, वातानुकूलित, आवाज नसलेली, स्वच्छ, अशी विशेषणांची रांग लागते आणि शेवटी क्रियापद येते : 'दाखल झाली.' गाडी दाखल झाली. कोणी विकत घेतली? ती कोणाच्या मालकीची आहे? ती चालविणारा कोणाचा नोकर आहे? वाक्यात कर्ताच नाही. ज्या वाक्यातून कर्ता गायब होतो त्या वाक्याकडे आपण संशयाने पाहावे, हे आपल्याला अनुभवाने शिकविले आहे. गावकुसाबाहेर वस्ती 'होती', पाणवठा 'वेगळा होता', असेही इतिहासात लिहिलेले असते. ती वस्ती बाहेर कोणी घातली, हे त्या वाक्यांत येत नाही.

दुसरा शब्द 'स्वच्छ'. आगारात गाड्या झाडणारा, धुणारा, उलट्या काढणारा जो कामगार असतो त्याच्या पदाचे नाव 'स्वच्छक'. त्या पदावर कोणत्या जातींची माणसे बहुसंख्येने दिसतात हे मी सांगायला नको. गाडी स्वच्छ झाली म्हणून ज्या लेखात आनंद व्यक्त होतो, त्या लेखात स्वच्छकाचा उल्लेखही नसतो. धूर गेला, पण झाडू कोणाच्या हातात राहिला?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी विजेच्या गाडीच्या विरोधात नाही. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. तो धूर सर्वांत जास्त कोणी गिळला? खिडकीत बसून घाट पाहणाऱ्या प्रवाशाने नव्हे. स्टँडवरच्या हमालाने, फलाटावर शेंगा विकणाऱ्या बाईने, खड्ड्यात उतरून गाडीच्या पोटाखाली उभे राहणाऱ्या यांत्रिकाने. माझे वडील रात्री खोकत तेव्हा आई म्हणे, "डेपो घरी आणला का?" तो धूर जात असेल तर जाऊ द्या. एक दिवस आधी गेला तरी चालेल. माझा प्रश्न धुराचा नाही, धुराबरोबर आणखी काय काय चालले आहे याचा आहे.

३

आता ललित लेखन. दिवाळी अंकांत एसटीवरचा लेख हा एक ठराविक पदार्थ झाला आहे. लाल डबा, खिडकीची जागा, वाहकाच्या पंचाचा खटखट आवाज, घाटातली धाप, स्टँडवरचा वडा, मामाचे गाव. विजेची गाडी आल्यापासून त्यात नव्या हुंदक्याची भर पडली आहे : तो ओळखीचा आवाज आता ऐकू येणार नाही! लाल परी मुकी झाली!

या लेखकांच्या भावना खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु त्या एका विशिष्ट वर्गाच्या भावना आहेत आणि त्या साऱ्या महाराष्ट्राच्या म्हणून सांगितल्या जातात, याला माझी हरकत आहे. या लेखांतली एसटी नेहमी सुट्टीतली असते. कामावर जाणारी एसटी त्यांत नाही. पहाटे ऊसतोड कामगारांची मुले आजीकडे पोचविणारी नाही. तालुक्याच्या कोर्टात अत्याचाराच्या खटल्याची तारीख आहे म्हणून पदरात भाकरी बांधून निघालेल्या बाईची नाही. जातीच्या दाखल्यासाठी चौथी खेप घालणाऱ्या पोराची नाही. मामाचे गाव सर्वांना असते, पण गावात शिरताना वेशीपासून चप्पल हातात घ्यावी लागली तर त्या प्रवासाचा ललित लेख होत नाही.

ज्यांनी एसटी आठवणीसाठी वापरली त्यांना ती आठवणीपुरती उरली तरी चालते. त्यांच्या दारात मोटार आहे. ज्यांना एसटी उद्या सकाळी हवी आहे त्यांनी मात्र दुसऱ्या नजरेने तिच्याकडे पाहिले पाहिजे.

४

आपल्यासाठी वाहन ही केवळ सोय कधीच नव्हती. बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिलेल्या आत्मकथनपर टिपणांत प्रवासाचे दोन प्रसंग आहेत. १९०१ साली लहान भीमराव आपल्या भावंडांसह मसूर स्थानकावर उतरले. वडिलांकडे जायला बैलगाडी हवी होती. पैसे होते, कपडे नीटनेटके होते, गाड्याही होत्या. जात कळली आणि गाडीवाला मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला. मात्र अट ही की गाडी पोरांनी हाकायची, तो बाजूने चालणार.

दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. आता बाबासाहेब बॅरिस्टर होते, सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद होते. टांगेवाल्यांनी त्यांना बसवून टांगा हाकायला नकार दिला. तडजोड तीच : टांगा देऊ, हाकणार नाही. वस्तीतला एक माणूस, ज्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता, तो हाकायला बसला. नदीवरच्या पुलाजवळ टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

हे प्रसंग मी अस्पृश्यतेची उदाहरणे म्हणून पुन्हा सांगत नाही. ती सर्वांना पाठ आहेत. मला त्यातली रचना दाखवायची आहे. वाहन एकाचे, हाकणारा दुसरा, जबाबदारी कोणाचीच नाही, आणि पाय मोडतो तो आपला.

१९४८ साली सुरू झालेल्या एसटीचे ऐतिहासिक मोल या पार्श्वभूमीवर समजते. तिकिटावर जात छापलेली नसते. पैसे दिले की जागा मिळते आणि गाडी हाकणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, कारण तो सरकारचा नोकर असतो. प्रत्यक्षात सारे एकदम बदलले असे नाही. माझी आजी सांगत असे की ती बसली की शेजारची बाई उठून उभी राही, आणि वाहक सुटे पैसे वरून हातात टाकी. पण आजी पुढे असेही सांगे, "उठली तर उठली. मला दोन जागा झाल्या." हे म्हणण्याची हिंमत तिला तिकिटाने दिली होती. बैलगाडीत ती मिळाली नसती.

आणि पुढे राखीव जागांमुळे आपली माणसे त्या गाडीच्या चाकाशीही पोचली, चालक म्हणून, वाहक म्हणून, यांत्रिक म्हणून. चाळीसगावला ज्याच्यासाठी टांगा हाकायला कोणी तयार नव्हते त्याच्या समाजातला माणूस खाकी घालून साऱ्या गावाला बसवून गाडी हाकू लागला. माझ्या मते महाराष्ट्रातल्या सामाजिक परिवर्तनाच्या इतिहासात या गोष्टीची नोंद व्हावी तशी झालेली नाही.

५

विजेच्या गाडीबरोबर नेमकी हीच गोष्ट बदलते आहे.

विजेची मोठी बस महाग असते. तिची किंमत कोटीच्या वर जाते, आणि त्यातला मोठा हिस्सा बॅटरीचा. तोट्यातल्या महामंडळाजवळ इतके भांडवल नाही, हे खरे आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या 'फेम' योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात बसगाड्यांना अनुदान होते, पण ते गाड्या चालविण्याच्या कंत्राटावर घेतल्या तर. म्हणजे असे : गाडी कंपनीची, देखभाल कंपनीची, चालक कंपनीचा. महामंडळाने वाहक द्यायचा, तिकीट गोळा करायचे आणि कंपनीला किलोमीटरमागे ठरलेली रक्कम द्यायची. गाडीत प्रवासी असोत वा नसोत, किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात. २०२३ मध्ये महामंडळाने अशा ५१५० गाड्या भाड्याने घेण्याचा करार केला. महामंडळाच्या सुमारे पंधरा हजार गाड्यांशी ताडून पाहिले तर हा आकडा एक तृतीयांशाच्या आसपास जातो. गाड्या वेळेवर आल्या नाहीत म्हणून २०२५ च्या मे महिन्यात परिवहनमंत्र्यांनी हा करार रद्द करण्याचे आदेश दिल्याचे जाहीर केले. कंपनी कोणती, दर कोणता, हा माझा विषय नाही. रचना हा माझा विषय आहे.

२००१ च्या राज्याच्या आरक्षण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातींना १३ टक्के आणि जमातींना ७ टक्के जागा आहेत. कशातल्या? महामंडळाच्या पदांतल्या. पदच महामंडळाचे नसेल तर टक्का कशाचा काढायचा? आरक्षण रद्द केले असे कोणीही म्हटलेले नाही. कोणी म्हटले असते तर मोर्चे निघाले असते. येथे फक्त चालकाचे पद कंपनीकडे गेले, यांत्रिकाचे पद कंपनीकडे गेले, आणि बिंदुनामावली कार्यालयात जशीच्या तशी टांगलेली राहिली. तिच्यात भरायला जागा उरली नाही.

यावर कोणी म्हणेल की हे विजेमुळे होत नाही, कंत्राटामुळे होते. बरोबर आहे. भाड्याची 'शिवशाही' २०१७ मध्येच आली होती आणि ती डिझेलवर होती. पण कंत्राट जेव्हा डिझेलवर आले तेव्हा त्याला विरोध करता येत होता. आता ते पर्यावरणाचा हात धरून आले आहे. त्याला विरोध करणारा माणूस धुराच्या बाजूचा ठरतो. एका चांगल्या गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट घालून देणे, ही या व्यवस्थेची जुनी हातोटी आहे.

तारखाही पाहाव्यात. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कामगारांचा संप सुरू झाला. मागणी एकच होती : आम्हाला शासनात विलीन करा, शासनाचे नोकर माना. पाच महिन्यांहून अधिक काळ ते बसून होते. त्या काळात कितीतरी कामगारांनी जीव दिला. विलीनीकरण शक्य नाही असा समितीचा अहवाल आला आणि उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले. त्यानंतर चाळीस दिवसांनी 'शिवाई'ला हार घातला गेला. कामगार शासनाच्या जवळ जाऊ पाहत होता आणि गाडी त्याच वेळी शासनापासून दूर निघाली होती. ही दोन वृत्ते एकाच वृत्तपत्राने छापली असतील, पण ती एकत्र वाचणारा लेख मला सापडला नाही.

मुंबईत कुर्ल्याला ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री भाडेतत्त्वावरच्या विजेच्या बसने रस्त्यावरची माणसे चिरडली. तेव्हा चालकाला या गाडीचे पुरेसे प्रशिक्षण दिले होते का, हा प्रश्न निघाला. अटक प्रथम चालकाला झाली. चाळीसगावच्या टांग्याची मला आठवण झाली ती यामुळे. सराव नसलेल्या माणसाला हाकायला बसविणारी व्यवस्था नेहमी मागे उभी असते, तिचा पाय मोडत नाही.

६

गाडी कोठपर्यंत जाणार, हाही प्रश्न आहे. 'शिवाई' एका चार्जिंगमध्ये सुमारे अडीचशे किलोमीटर जाते असे सांगितले गेले. पुणे-नगर रस्त्याला ते पुरे आहे. पण एसटीचा खरा कणा मुक्कामी गाडी हा आहे. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गावात जाणारी, देवळापुढे किंवा शाळेपुढे रात्रभर उभी राहणारी आणि पहाटे कॉलेजच्या पोरांना, बाजारकरी बायांना, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्यांना घेऊन निघणारी गाडी. चालक-वाहक तेथेच झोपतात. त्या गावात चार्जिंगचा खांब कोण उभारणार? जेथे घरातला दिवा अर्धी रात्र जातो तेथे बसची बॅटरी कशी भरणार? तांत्रिक उत्तरे आहेत, मला ती ठाऊक आहेत. पण किलोमीटरवर पैसे घेणाऱ्याला ती शोधण्याची गरज नाही. त्याला सपाट, भरधाव, भरपूर किलोमीटर हवे असतात. त्यामुळे नवी गाडी शहरापासून शहराकडे धावेल, आणि खिळखिळी डिझेलची गाडी वाडी-तांड्याकडे. तीही एक दिवस बंद पडेल आणि तिच्याऐवजी काळीपिवळी जीप येईल. जीपवाल्याला महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत लागू नाही, शाळकरी मुलींचा मोफत पासही नाही. मुलीची शाळा कोणत्या इयत्तेत सुटते हे पुष्कळदा गाडी बंद होण्याच्या तारखेवर ठरते.

शिवाय वीज येते कोठून? महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही कोळशावर तयार होते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी. त्या राखेखाली जगणाऱ्या गावांतून जाऊन आलेला माणूस 'प्रदूषणमुक्त' हा शब्द जपून वापरील. विजेच्या गाडीने धूर एकूण कमी होतो, हे खरे. पण जो उरतो तो स्थलांतर करतो, आणि त्याने स्थलांतरासाठी कोणाची वस्ती निवडली आहे हे पाहिले पाहिजे.

७

आता आपल्या लेखनाकडे येतो. दलित साहित्याला वाहनांचे आणि रस्त्यांचे वावडे कधीच नव्हते. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेचा नायक रेल्वेत काम करणारा आहे. लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'त गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड चालते. शरणकुमार लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी'त हन्नूरच्या स्टँडवर हमाली करणारे दादा आहेत. ललित लेखात स्टँड हे वडा खाण्याचे ठिकाण असते, 'अक्करमाशी'त ते पोट भरण्याचे ठिकाण आहे. एकाच वास्तूकडे पाहण्याच्या या दोन नजरा म्हणजे मराठी साहित्यातली दोन जगे होत. पहिली नजर साहित्य मानली गेली आणि दुसरीला पुष्कळ दिवस नुसते 'अनुभवकथन' म्हटले गेले.

परंतु आपणही आता त्या शिदोरीवरच जगू लागलो आहोत काय? गावकूस, पाणवठा, शिवी, पोटातली आग, या साऱ्याला आपण शब्द दिले. कंत्राटाला दिलेले नाहीत. ज्या नोकरीने आपल्याला लिहिते केले ती नोकरी डोळ्यांदेखत विरते आहे, आणि आपली कविता अजून जुन्या पाटलाला शिव्या देते आहे. पाटील दिसत होता, त्याच्या वाड्याला दार होते. आता शोषण करणाऱ्याला चेहरा नाही, निविदा आहे. ही निविदा वाचायला शिकणे हे मी आजच्या दलित लेखकाचे काम मानतो. ते रुक्ष आहे, त्याला टाळ्या मिळणार नाहीत.

आणि विजेचे आपल्याशी नाते नाही असे समजू नये. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे खाते त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विचारले की आपल्याला वीज कशासाठी हवी आहे? त्यांच्या उत्तराचा आशय असा, की उद्योगधंदे वाढल्याशिवाय दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, आणि स्वस्त व मुबलक विजेशिवाय उद्योगधंदे नाहीत. वीज खासगी मालकीची असावी की राज्याची, हा प्रश्न त्यांनी तेथेच मांडला, आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी घटनात्मक तरतूदच सुचविली. वीज आणि मालकी हे दोन प्रश्न त्यांनी कधी वेगळे केले नाहीत. आपण ते का करावेत?

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. विजेची गाडी यावी, पण महामंडळाच्या मालकीची यावी. निदान पदे महामंडळाची राहावीत. जे काम कंत्राटानेच द्यायचे त्या कंत्राटात सामाजिक आरक्षणाची अट असावी. जुन्या यांत्रिकांना नव्या यंत्राचे शिक्षण द्यावे. पहिला चार्जिंगचा खांब जिल्ह्याच्या स्टँडवर उभारला तर दुसरा मुक्कामी गाडीच्या गावात उभारावा.

८

गेल्या वर्षी वडिलांना घेऊन मी त्यांच्या जुन्या आगारात गेलो होतो. पंच्याहत्तरीला टेकलेला माणूस. त्यांना विजेची गाडी पाहायची होती. आगाराच्या एका बाजूला तारेचे कुंपण घालून चार्जिंगची जागा केलेली. फाटकावरच्या रखवालदाराने आत सोडले नाही. ज्या जमिनीवर तेहेतीस वर्षे काढली तिथे ते कुंपणाबाहेर उभे राहिले.

आतून एक पोरगा आला. निळा शर्ट, आयटीआय झालेला. वडिलांना ओळखून त्याने "जय भीम, आबा" म्हटले. आमच्याच वस्तीतला निघाला. त्याने बाहेरूनच सगळे समजावून सांगितले. इंजिन नाही, गिअर नाही, तेल बदलायचे नाही. वडील एकाग्र होऊन ऐकत होते. गाडी त्यांना आवडली होती, हे मला त्यांच्या डोळ्यांवरून कळत होते. मग त्यांनी विचारले,

"पोरा, तुझं नाव कुठल्या मस्टरवर हाय?"

तो हसला. "मस्टर नसतंय, आबा. मोबाईलवर हजेरी लागती. अकरा महिन्यांनी परत नवं लागायचं."

"आन् राखीवमधनं लागला का तू?"

"तसं काही नसतंय हितं."

वडील काही बोलले नाहीत. गाडी आवाज न करता फाटकातून बाहेर गेली. घरी येईपर्यंत त्यांनी एकच वाक्य उच्चारले : "गाडी चांगली हाय. आपली न्हाई."

विजेच्या एसटीवर आजवर जे वाचले त्यात एवढी नेमकी समीक्षा मला दुसरीकडे मिळाली नाही.